सर वॉल्टर स्कॉटच्या कविता-कादंबऱ्यांमागच्या जागा: कुठल्या खऱ्या, कुठल्या चिकटवलेल्या, आणि कसं जायचं

वळणवाट (धागाकर्ता)

सर वॉल्टर स्कॉटच्या (१७७१–१८३२) लेखनामागे ज्या प्रत्यक्ष जागा आहेत, त्यांची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा धागा. पर्यटनाच्या पत्रकांत प्रत्येक पडकी भिंत 'स्कॉटला स्फूर्ती देणारी' असते. त्यात तीन गोष्टींची गल्लत होते. काही जागा अशा की जिथे तो वाढला, हिंडला आणि त्यातून लिहिलं. काही त्याच्या पुस्तकानंतर बदलल्या, दुरुस्त झाल्या, एका जागेला तर नावही त्यानेच दिलं. आणि काही वाचकांनी मागाहून जोडल्या. प्रत्येक जागा यातल्या कुठल्या खणात बसते ते कळलं की तिथे गेल्यावर काय पाहायचं हेही कळतं.

सुरुवात स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळच्या स्मेलहोमच्या गढीपासून करतो, कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे. दीड वर्षाचा असताना तापानंतर स्कॉटचा उजवा पाय अधू झाला (आजच्या निदानाप्रमाणे पोलिओ). एडिंबराच्या कोंदट गल्लीतून त्याला आजोबांच्या सँडीनो इथल्या शेतावर पाठवलं. पाय सुधारावा म्हणून नुकत्याच सोललेल्या मेंढीच्या कातड्यात गुंडाळून ठेवायचा उपायही तिथे झाला. मेंढपाळ त्याला उचलून कळपाबरोबर टेकडीवर नेत, आत्या जेनेट बॅलड (गोष्ट सांगणारी गाणी) म्हणून दाखवी. आणि डोक्यावर कायम ती गढी. 'मार्मियन'मध्ये (१८०८) तो लिहितो की ती मोडकी गढी म्हणजे माणसाच्या ताकदीची सगळ्यात थोर निर्मिती असं त्याला लहानपणी वाटे. 'द ईव्ह ऑफ सेंट जॉन' हे बॅलड तर थेट तिथेच घडतं. गढी पडायला आली होती तेव्हा मालकाला, म्हणजे हार्डनच्या स्कॉट आडनावाच्याच जमीनदाराला, त्याने ती राखायची गळ घातली. बदल्यात तिच्यावर बॅलड लिही अशी मागणी आली, अशी या कवितेची जन्मकथा सांगतात.

जाणकारांनी भर घालावी. आपापल्या सहलींच्या गोष्टींपेक्षा जागेची माहिती द्या, म्हणजे धागा पुढे कामाला येईल.

शिलालेख

उत्तम धागा. स्मेलहोम आतून कसं वाचायचं ते लिहितो.

पंधराव्या शतकात प्रिंगल घराण्याने ती बांधली. साधारण २० मीटर उंच, भिंती दोन मीटरहून जाड. काळ्या कातळावर काळ्याच दगडात उभी आहे. कोपरे आणि खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या तांबड्या वालुकाश्माच्या. हा काही राजाचा किल्ला नव्हे. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवर गुरं पळवणाऱ्या टोळ्या दोन्ही बाजूंनी येत, त्यांच्यापासून एका घराण्याचा बचाव एवढंच तिचं काम. म्हणून बाहेर एक कोट, त्यात गुरं. तळमजल्यावर कमानी छताचं कोठार. वर बैठकीचा मजला, त्यावर निजायच्या खोल्या. १५४०च्या दशकात इंग्रज टोळ्यांनी इथून गुरं नेलीच, म्हणजे बंदोबस्त किती लागायचा ते कळतं.

सगळ्यात वर उत्तरेकडच्या कठड्याशी जा. धुराड्याला टेकून पहारेकऱ्यासाठी दगडी आसन आहे आणि शेजारी कंदील ठेवायचा कोनाडा. पाठीला धुराड्याची ऊब, तोंड उघड्या मुलखाकडे. बहुतेक लोक तिथे फोटो काढून उतरतात; तो कोनाडा बघायचा राहून जातो. स्कॉटच्या सीमाप्रदेशातल्या कवितांमध्ये रात्री घोडेस्वार येतो, कोणी तरी वरून पाहतं, हे जे पुन्हा पुन्हा येतं त्याची यंत्रणा इथे दगडात आहे.

अडचणी: जिना गोल आणि अरुंद, वर येणारा आणि खाली जाणारा एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. खाली हाक मारून मगच उतरा. वाहनतळापासून गढीपर्यंतची वाट छोटी पण खडकाळ, पावसानंतर निसरडी. आजूबाजूला चरणारी जनावरं असतात, फाटकं जशी मिळाली तशीच ठेवायची.

निळावंती

गाडी नसेल तर यातलं काय जमतं? एडिंबरात दोन मोकळे दिवस आहेत असं धरून सांगा. आणि पुस्तकं न वाचलेला माणूस बरोबर असेल तर कुठली जागा वगळावी?

घाटमाथा

@निळावंती, दोन दिवसांत गाडीशिवाय तीन मोठ्या जागा आरामात होतात.

पहिला दिवस. एडिंबरा वेव्हर्ली स्थानकातून बॉर्डर्स रेल्वेने ट्वीडबँक, शेवटचं स्थानक, साधारण ५५ मिनिटं. (वेव्हर्ली हे स्थानकाचं नावही स्कॉटच्या १८१४ च्या पहिल्या कादंबरीवरून.) जुना मार्ग १९६९ मध्ये बंद झाला होता, सध्याचा २०१५ च्या सप्टेंबरात सुरू झाला. त्याआधीच्या मार्गदर्शक पुस्तकांत 'रेल्वे नाही' असं छापलेलं असेल, ते सोडून द्या. ट्वीडबँकपासून अ‍ॅबट्सफर्ड (स्कॉटने स्वतः बांधून घेतलेलं घर) चालत वीस मिनिटं, खुणा लावलेल्या आहेत. तिथे दोन-अडीच तास द्या. मग नदीकाठच्या वाटेने मेलरोज हे जुन्या मठाचं गाव, साधारण पाच किलोमीटर, जवळजवळ सपाट. ही वाट सदर्न अपलँड वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेचाच तुकडा आहे. मेलरोजहून ट्वीडबँकला परतायला बस मिळते.

चूक कुठे होते? लोक आधी मेलरोजला जातात, मठात रमतात आणि अ‍ॅबट्सफर्डला शेवटच्या प्रवेशाच्या वेळेला धापा टाकत पोचतात. घर आतून पाहायला वेळ लागतो, म्हणून ते सकाळी.

दुसरा दिवस चालणाऱ्यांसाठी. मेलरोजहून सेंट कथबर्ट्स वे धरा. एल्डन टेकड्यांच्या खिंडीतून बोडन, मग न्यूटाऊन सेंट बॉस्वेल्स, मग ट्वीड नदीच्या काठाने. दहा-अकरा किलोमीटरवर झुलता पादचारी पूल लागतो, पलीकडे ड्रायबर्गचा मठ, जिथे स्कॉटची कबर आहे. खिंडीची चढण सुरुवातीलाच आहे, नंतर उतार. परतायला सेंट बॉस्वेल्सकडून बस. ज्यांना चालायचं नाही त्यांनी सरळ सेंट बॉस्वेल्सपर्यंत बसने यावं आणि तेवढा पूल ओलांडावा.

स्मेलहोमला मात्र सार्वजनिक वाहन जात नाही. केल्सो किंवा सेंट बॉस्वेल्सहून टॅक्सी, आणि परतीची वेळ आधीच ठरवून घ्या. गढीपाशी फोनच्या रेंजवर विसंबू नका. केल्सोहून अंतर दहाएक किलोमीटर.

न वाचलेल्या सोबत्यासाठी वगळायचं असेल तर स्मेलहोम वगळू नका, उलट तीच जागा पुस्तकाशिवायही बोलते. अ‍ॅबट्सफर्डला मात्र थोडं वाचून गेलं पाहिजे.

तळटीप

मेलरोजबद्दल. 'द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल'मध्ये (१८०५) स्कॉटने लिहिलं की मेलरोज खरं पाहायचं तर फिकट चांदण्यात पाहा, आणि तेव्हापासून लोक चांदण्यासाठी येत राहिले. वॉशिंग्टन अर्विंग १८१७ मध्ये अ‍ॅबट्सफर्डला राहिला होता. त्याने लिहून ठेवलंय की मठाचा राखणदार जॉनी बोअर चंद्र नसलेल्या रात्री काठीच्या टोकाला मेणबत्त्या लावून अवशेष उजळून दाखवी, आणि स्कॉट स्वतः रात्री इथे कधी आला नाही असंही त्याला सांगे.

आता व्यवहाराचं. मठ संध्याकाळी बंद होतो, त्यामुळे चांदणं पाहायचं ते आवाराबाहेरच्या रस्त्यावरूनच. आणि महिना चुकला तर चंद्र असून उपयोग नाही. मेलरोज ५५.६ अंश उत्तरेला आहे. जूनमधली पौर्णिमा तिथे क्षितिजावर जेमतेम दहा-अकरा अंश चढते, म्हणजे घरं-झाडांच्या मागेच राहते, शिवाय आकाश रात्रभर पुरतं काळं होत नाही. डिसेंबरातली पौर्णिमा ५८ अंशांच्या आसपास जाते आणि संध्याकाळी पाचलाच मिट्ट काळोख असतो. (चंद्राची कक्षा कललेली असल्याने दोन्हीकडे पाच अंशांचा फरक पडू शकतो.)

कवितेत आधारभिंती एक आबनुसाची, एक हस्तिदंताची अशा आळीपाळीने दिसतात. हे होण्यासाठी उजेड भिंतीला घासून तिरका यायला हवा. दक्षिणेकडची बाजू पाहत असाल तर चंद्र आग्नेयेला असताना पाहा. तो नेमका दक्षिणेला आला की उजेड समोरून पडतो आणि सगळ्या आधारभिंती सारख्याच पांढऱ्या दिसतात. म्हणजे हिवाळ्यातली पौर्णिमा, रात्री नऊ-दहाच्या सुमाराला. स्कॉट रात्री आला असेल-नसेल, ओळ मात्र नजरेत भरण्याइतकी अचूक आहे.

शिलालेख

@तळटीप, फार सुंदर. दिवसा जाणाऱ्यांसाठी पुरवणी.

मठ ११३६ मध्ये पहिल्या डेव्हिड राजाने स्थापला, सिस्टर्शियन पंथाचा. १३८५ मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या इंग्रज सैन्याने जाळला. आज दिसणारं नक्षीकाम बहुतेक त्यानंतरच्या बांधकामाचं. पूर्वेची मोठी खिडकी आतल्या बाजूने पाहा. कवितेत डेलोरेनचा विल्यम रात्री घोडा दौडवत येतो आणि मायकल स्कॉट या मांत्रिकाच्या थडग्यातून जादूचा ग्रंथ काढतो, तेव्हा उजेड याच खिडकीतून येतो. छतावरचं बॅगपाइप वाजवणारं डुक्कर दुर्बिणीशिवाय नीट दिसत नाही. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचं हृदय असलेली मानली जाणारी शिशाची कुपी १९९६ मध्ये उकरून तपासली आणि १९९८ मध्ये पुन्हा पुरली. जागेवर कोरीव दगड आहे.

आणि धागाकर्त्याच्या दुसऱ्या खणातली ही जागा: १८२२ च्या सुमारास ड्यूक ऑफ बक्लूच्या पैशाने इथे दुरुस्ती झाली, तिच्यावर देखरेख स्कॉटची होती. आपण पाहतो तो मठ काही अंशी त्याच्या कवितेमुळे उभा आहे.

हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड ही संस्था वरच्या दगडकामाची तपासणी करत असते. अशा कामामुळे मेलरोज, ड्रायबर्ग, स्मेलहोम यांचे काही भाग अचानक कुंपण घालून बंद होतात. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचं संकेतस्थळ पाहाच.

कोंदण

अ‍ॅबट्सफर्डवर लिहिते.

१८११ मध्ये स्कॉटने कार्टलीहोल नावाचं शेत घेतलं; चिखलामुळे लोक त्याला 'क्लार्टी होल' म्हणत. जवळच मेलरोजच्या मठवासीयांचा नदीउतार होता म्हणून नाव अ‍ॅबट्सफर्ड. आजचं घर १८१७ ते १८२४ मध्ये झालं. बहुतेक लेखकांच्या घरी लेखनाआधीच्या वस्तू असतात. इथे उलट आहे. आधी कादंबऱ्यांतून पैसा, मग त्या पैशातून कादंबऱ्यांच्या जगातल्या वस्तू आणि त्यांच्याभोवती घर. हायलंडमधला बंडखोर रॉब रॉय याची बंदूक आणि सुरा, सतराव्या शतकातला सेनापती माँट्रोझ याची तलवार, रॉसलिन चॅपलच्या नक्षीवरून केलेली ग्रंथालयाची तक्तपोशी. पुस्तकं नऊ हजारांच्या आसपास.

जी वस्तू सगळे चुकवतात ती घराबाहेर आहे. एडिंबराचा जुना तुरुंग, टॉलबूथ, १८१७ मध्ये पाडला. त्याचा दरवाजा स्कॉटने आणून अ‍ॅबट्सफर्डच्या बाहेरच्या भिंतीत बसवला. तो जमिनीपासून वर आहे, उघडत नाही, म्हणून डोळ्यांसमोर असून दिसत नाही. आत शिरण्याआधी कर्मचाऱ्यांना विचारून घ्या. पुढच्याच वर्षी, १८१८ मध्ये, त्याच तुरुंगावरची 'द हार्ट ऑफ मिडलोथियन' आली.

अभ्यासिकेत वर सज्जा आणि तिथून झोपायच्या खोलीकडे जाणारा छोटा जिना आहे. कोणाला न उठवता पहाटे येऊन लिहायला बसता यावं म्हणून. १८२६ मध्ये प्रकाशक आणि छापखाना बुडाले, त्याच्या अंगावर लाख पौंडांहून जास्त कर्ज आलं. दिवाळखोरी न पत्करता तो लिहीत राहिला. ती खोली पाहताना एवढं माहीत असावं. १८३२ च्या २१ सप्टेंबरला भोजनगृहात खिडकीपाशी त्याने देह ठेवला. बाहेर ट्वीड वाहते ती त्या खिडकीतून दिसते.

घर हिवाळ्यात बंद असतं. तिकीट वेगळं, कारण हे न्यासाचं घर आहे.

वळणवाट

@कोंदण, दरवाज्याचा मुद्दा महत्त्वाचा. उरलेला टॉलबूथ एडिंबरात सेंट जाइल्स चर्चच्या पश्चिम दाराजवळ फरसबंदीत आहे. रंगीत दगडांचं हृदय, आणि आसपास पितळी खुणांनी तुरुंगाची बाह्यरेखा. लोक हृदयावर थुंकतात, तो तिथला जुना रिवाज. बॅग खाली ठेवू नका. पितळी रेघ पायाने चालून पाहा, इमारत रस्त्यात किती घुसली होती ते कळतं. ७ सप्टेंबर १७३६ ला जमावाने याच तुरुंगाच्या दाराला आग लावून शहराच्या पहाऱ्याचा अधिकारी कॅप्टन पोर्टियसला बाहेर काढलं आणि ग्रासमार्केटात रंगाऱ्याच्या खांबाला फाशी दिलं. कादंबरीची सुरुवात त्या घटनेवर आहे. तिथून ग्रासमार्केट चालत दहा मिनिटं, तेही उताराने. जमावाच्या वाटेनेच चालल्यासारखं होतं.

एडिंबरातल्याच होलीरूड पार्कातली मशॅटची दगडांची रास मात्र सांभाळून पाहा. नायिका जीनी डीन्स रात्री तिथे जाते तो कादंबरीतला थरारक प्रसंग. १७२० मध्ये निकोल मशॅटने बायकोचा खून केला त्या जागी लोकांनी दगड रचले होते. ती मूळ रास अठराव्या शतकातच हलली. आजची १८२३ ची, म्हणजे कादंबरीनंतरची. उलट तलावावरचं सेंट अँथनी चॅपलचं पडकं बांधकाम जुनं आहे आणि वर जायला पंधरा मिनिटं पुरतात.

निळावंती

ट्रॅक्वेअर हाऊसचं काय? तिथली १७४५ पासून बंद असलेली अस्वलांची फाटकं पाहून 'वेव्हर्ली'तला टली-व्हिओलन हा वाडा रचला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आणि फास्ट कॅसल म्हणजेच 'द ब्राइड ऑफ लॅमरमूर'मधला वुल्फ्स क्रॅग हा किल्ला, हेही.

तळटीप

दोन्हींवर स्कॉटनेच टीपा लिहिल्यात, त्या वाचल्या की वाद मिटतो. टली-व्हिओलन हे कुठल्याही एका वाड्याचं वर्णन नाही असं तो स्पष्ट सांगतो. ब्रंट्सफील्डजवळचं वॉरेंडर यांचं घर, रॅव्हल्स्टन, डीन अशी घरं नावानिशी देतो, ग्रँटलीशी असलेल्या साम्याचाही उल्लेख करतो. ट्रॅक्वेअर अवश्य पाहा, फाटकंही पाहा, पण 'हेच ते' म्हणू नका.

फास्ट कॅसलबद्दल तो लिहितो की त्याने तो समुद्रातूनच पाहिला आहे, त्यामुळे साम्य किती ते आपण ठरवू शकत नाही. तरी लोक डाउलॉच्या शेताकडून कड्याखाली उतरतात. तिथे उरलंय फार थोडं: समुद्रात घुसलेल्या सुळक्यावर भिंतीचे दोन-चार तुकडे. जाण्यासाठी अरुंद दगडी पट्टा, आधाराला साखळी, दोन्ही बाजूंना कडा. ओलं गवत, वारा किंवा लहान मुलं असतील तर वरूनच पाहा. वरून दिसणारं दृश्य स्कॉटच्या समुद्रातल्या नजरेइतकंच पुरेसं आहे.

घाटमाथा

लॉक कॅट्रिन हा तलाव राहिला. 'द लेडी ऑफ द लेक' १८१० ची. पुस्तक येताच ट्रॉसॅक्सकडे माणसांची रीघ लागली. (शूबर्टचं सगळ्यांना ठाऊक असलेलं 'आवे मारिया' म्हणजे याच काव्यातलं नायिका एलनचं गाणं.) पण आजचा तलाव स्कॉटने पाहिलेला नाही. १८५९ पासून ग्लासगोला इथून पाणी जातं आणि त्यासाठी पातळी वाढवली. एलनच्या बेटासमोरचा कवितेतला चंदेरी वाळूचा किनारा त्यात बराचसा बुडाला. म्हणून किनारा शोधत बसू नका; बेट आणि मागचा बेन व्हेन्यू डोंगर मात्र जसेच्या तसे.

उत्तम मार्ग: ट्रॉसॅक्स धक्क्यावर सायकल भाड्याने घ्या, ती बोटीवर चढवून स्ट्रॉनॅक्लॅकरला उतरा आणि उत्तर काठाने परत या. वीस किलोमीटरच्या आसपास, डांबरी, सार्वजनिक गाड्यांना बंदी, पण चढउतार आहेत. वाटेत तलावाच्या टोकाला ग्लेनगाइल, रॉब रॉयचं जन्मस्थान. उलट क्रमाने केलं, म्हणजे आधी सायकल आणि मग बोट, तर दमून उशीर होतो आणि बोट चुकते. बोटीवर सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते. 'सर वॉल्टर स्कॉट' ही आगबोट १८९९ ची; सुट्या भागांत आणून इथे जोडली.

कोंदण

नाव त्यानेच दिलं ती जागा धागाकर्त्याने सांगितलीच नाही! शेटलंडमधलं यार्लशोफ. १८१४ मध्ये दीपगृहांच्या पाहणीच्या जहाजावरून स्कॉट तिथे गेला. (बरोबर दीपगृहांचे अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन, पुढे लेखक झालेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे आजोबा.) त्याला दिसलं फक्त एक पडकं जुनं घर. 'द पायरेट'मध्ये त्याने त्याला यार्लशोफ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वादळांनी किनारा खचला, तेव्हा खाली ब्राँझयुगापासून नॉर्स काळापर्यंतच्या वस्त्या निघाल्या. कादंबरीतलं घर आवारात सगळ्यात वर, बाकी इतिहास त्याच्या पायाशी. संबरा विमानतळाला लागूनच आहे, विमानाला दोन तास असतील तर होतं.

भारताशी संबंधही एक: 'द सर्जन्स डॉटर' (१८२७) ही कथा शेवटी हैदर अली आणि टिपूच्या म्हैसूरला पोचते. स्कॉट भारतात कधीच आला नाही. तपशील अ‍ॅबट्सफर्डच्या शेजारी राहणाऱ्या, भारतात नोकरी केलेल्या कर्नल जेम्स फर्ग्युसनकडून घेतले. सीमाप्रदेशाच्या कवितांत जमीन जशी पायाखाली लागते, तशी इथे लागत नाही. धाग्याच्या मूळ मुद्द्याला हा चांगला उलटा पुरावा.

शिलालेख

शेवटी ड्रायबर्ग आणि तिकिटं.

ड्रायबर्गच्या मठात उत्तरेच्या बाजूला स्कॉटची कबर आहे, शेजारी पत्नी शार्लट, जवळच जावई आणि चरित्रकार लॉकहार्ट. दफन २६ सप्टेंबर १८३२ ला झालं. बेमरसाइडच्या टेकडीवर, जिथे तो घोडा थांबवून ट्वीडचं वळण आणि एल्डनच्या तीन टेकड्या पाहत असे, तिथे शववाहिनी काही मिनिटं थांबली. लॉकहार्टच्या म्हणण्याप्रमाणे ते योगायोगाने झालं; घोडे सवयीने थांबले ही गोष्ट लोकांत जास्त चालते. हीच जागा स्कॉट्स व्ह्यू, ड्रायबर्गपासून रस्त्याने तीन-चार किलोमीटर चढ. तोंड पश्चिमेकडे आहे, त्यामुळे संध्याकाळी ऊन डोळ्यांवर येतं. फोटो हवा तर सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून.

मेलरोज, ड्रायबर्ग, स्मेलहोम आणि यार्लशोफ ही चारही एकाच संस्थेकडे आहेत. तीन पाहणार असाल तर एक्सप्लोरर पासचा (या संस्थेच्या अनेक जागांचं एकत्र तिकीट) हिशेब करा. अ‍ॅबट्सफर्ड त्यात येत नाही. स्मेलहोम साधारण एप्रिल ते सप्टेंबरच उघडं असतं. त्यामुळे @तळटीप यांची डिसेंबरची पौर्णिमा आणि गढीचा वरचा कठडा एका फेरीत बसत नाहीत. दोन्हींच्या जवळ जायचं तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली पौर्णिमा गाठा. चंद्र जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो आणि साधारण साडेतीन तासांत आग्नेयेला पोचतो, काळोखही तोवर पडलेला असतो.

निळावंती

आभार. मग सप्टेंबरच. पहिल्या दिवशी अ‍ॅबट्सफर्ड, रात्री मुक्काम मेलरोजला, दुसऱ्या दिवशी टॅक्सीने स्मेलहोम आणि परतताना ड्रायबर्गचा पूल. टॅक्सी सेंट बॉस्वेल्सहून घेतली तर चालेल ना?

घाटमाथा

चालेल, तेच सोयीचं. गढीपाशी दीड तास थांबायला सांगा आणि परत येताना ड्रायबर्गला सोडायला सांगा, म्हणजे पूल ओलांडून तुम्ही थेट बसच्या बाजूला येता. ग्रामीण भागात टॅक्स्या मोजक्या, आदल्या दिवशी ठरवा.